वाहक प्रथिन पेशीकेंद्रकात कसं पोचलं?

मागच्या व्याख्यानात आपण इन्सुलिनचा इतिहास पाहिला. आज इन्सुलिनच्या भावकीत शिरायचं आहे. इन्सुलिनशी रचनेत बरंच साम्य असलेले दोन रेणू आपल्या रक्तात फिरत असतात. त्यांना 'इन्सुलिनसारखे वाढघटक' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२. मूल वाढतं, हाडं लांब होतात, जखम भरते, त्यात यांचा मोठा वाटा असतो.

पण आजचा विषय हे वाढघटक नाहीत, त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं आहेत. अशी सहा बंधक प्रथिनं आहेत, आयजीएफबीपी-१ ते ६. त्यांतल्या तिसऱ्याकडे आपण जास्त लक्ष देणार आहोत. रक्तातून वाढघटकांची ने-आण करणारं वाहक प्रथिन अशी त्याची पहिली ओळख झाली. पुढे तेच प्रथिन पेशीच्या अगदी आत, जिथे डीएनए असतो त्या केंद्रकात दिसलं. तिथे ते काय करतं, याचा शोध आजही चालू आहे आणि त्याचा थेट संबंध कर्करोगाच्या उपचारांशी आहे.

सुरुवातीलाच एक पथ्य ठरवून घेऊ. एखादा रेणू केंद्रकात *दिसतो* का, हा एक प्रश्न. तो तिथे काही *करतो* का, हा दुसरा. आजच्या इतिहासात जिथे जिथे घोटाळा झाला, तिथे बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकात मिसळले होते.

उंदरांची कूर्चा आणि एक अनपेक्षित उत्तर

१९५७ साली जाऊ. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम सॅल्मन आणि विल्यम डॉहाडे हे दोघे ग्रोथ हार्मोन मोजायची सोपी पद्धत शोधत होते. मोठ्या उंदरांची पीयूषिका ग्रंथी काढून टाकली की ग्रोथ हार्मोन बंद होतं आणि वाढ थांबते. अशा उंदरांच्या बरगड्यांची कूर्चा काढायची, काचेच्या भांड्यात ठेवायची आणि किरणोत्सारी गंधक असलेलं सल्फेट ती किती ओढून घेते ते मोजायचं. जास्त ओढलं तर वाढ चालू आहे असं समजायचं.

अपेक्षा अशी की भांड्यात ग्रोथ हार्मोन घातलं की कूर्चा लगेच कामाला लागेल. पण तसं काही फारसं घडलं नाही. निरोगी उंदराच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, घातलं की मात्र कूर्चा भराभर सल्फेट ओढू लागे. ग्रंथी काढलेल्या उंदराच्या सीरमने हे होत नसे. आणि त्याच उंदराला जिवंतपणी ग्रोथ हार्मोन टोचून मग त्याचं सीरम घेतलं, की पुन्हा परिणाम दिसे. म्हणजे ग्रोथ हार्मोन स्वतः कूर्चेशी बोलत नव्हतं, मधे कुणीतरी निरोप्या होता. त्याला त्यांनी 'सल्फेशन फॅक्टर' म्हटलं.

त्याच सुमारास दुसरीकडे वेगळी वाट चालू होती. झुरिकमध्ये एर्न्स्ट रुडॉल्फ फ्रोश यांच्या गटाला १९६३ मध्ये दिसलं की रक्तात इन्सुलिनसारखं काम करणारं असं काहीतरी आहे, जे इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं घालूनही दबत नाही. तिसऱ्या वाटेवर हॉवर्ड टेमिन यांच्या प्रयोगशाळेत पेशींना दुभंगायला लावणारा घटक सापडला होता. तीन वाटा, तीन नावं. १९७२ मध्ये 'सोमॅटोमेडिन' हे चौथं नाव आलं. १९७८ मध्ये झुरिकच्याच रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी दोन रेणूंची अमिनो आम्लांची साखळी वाचली, एक ७० अमिनो आम्लांचा, दुसरा ६७ अमिनो आम्लांचा. रचना इन्सुलिनसारखी. तेव्हा कळलं की या सगळ्या वाटा एकाच गावाला जात होत्या.

हमालाची नेमणूक

आता मुद्द्याकडे येऊ. हे वाढघटक जेमतेम साडेसात किलोडाल्टनचे, म्हणजे प्रथिनांच्या जगात अगदी चिमुकले. पण रक्तात शोधायला गेलं की ते १५० किलोडाल्टनच्या मोठ्या गाठोड्यात सापडत. सीरमला आम्ल घातलं की गाठोडं सुटे आणि छोटा रेणू मोकळा होई. म्हणजे रक्तात त्यांना कुणीतरी धरून ठेवलेलं होतं. १९७० च्या दशकात या धरणाऱ्यांना 'वाहक प्रथिन' म्हणायची पद्धत पडली.

धरून ठेवायची गरज काय? आयजीएफचं रक्तातलं प्रमाण इन्सुलिनच्या शेकडो पट असतं. ते सगळं मोकळं सुटलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाईल. शिवाय मोकळा आयजीएफ रक्तात साधारण दहा मिनिटं टिकतो आणि गाठोड्यात बांधलेला बारा तासांहून अधिक. रक्तातल्या आयजीएफचा शंभरातला एक भागही मोकळा नसतो. म्हणजे हमाल हवाच.

हे गाठोडं नीट सोडवलं ते ऑस्ट्रेलियात, सिडनीमध्ये. १९८६ मध्ये जॅनेट मार्टिन आणि रॉबर्ट बॅक्स्टर यांनी मानवी रक्तातून मुख्य वाहक शुद्ध करून काढला. तोच पुढे आयजीएफबीपी-३ झाला. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की गाठोड्यात तीन भाग असतात: वाढघटक, आयजीएफबीपी-३ आणि आम्लात नासणारं एक तिसरं प्रथिन. आम्ल घातल्यावर गाठोडं का सुटायचं, याचंही उत्तर त्यातच मिळालं. १९९० च्या आसपास बंधक प्रथिनांची संख्या सहावर गेली आणि त्यांना क्रमांक मिळाले.

इथे नावाकडे लक्ष द्या. ज्याला आपण हमाल म्हणतो त्याच्याकडून ओझं वाहण्यापलीकडे आपली अपेक्षा नसते. ओझं काढून घेतलं की तो काय करतो, हे बघायला कुणी थांबत नाही. वाहक या नावाने इथेही तेच केलं. आयजीएफबीपी-३ मुळे पेशींची वाढ मंदावली असं दिसलं, की स्पष्टीकरण तयार असायचं: त्याने वाढघटक धरून ठेवला, पेशीला मिळू दिला नाही, म्हणून वाढ मंदावली. हे स्पष्टीकरण चूक नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

ओझ्याशिवाय हमाल

१९९३ मध्ये यंगमन ओह आणि रॉन रोझेनफेल्ड यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग केले. या पेशी आयजीएफला फारशी दादच देत नव्हत्या. म्हणजे आयजीएफ अडवून त्यांचं काही बिघडायला नको. तरी आयजीएफबीपी-३ घातलं की त्यांची वाढ खुंटली.

तरीही शंका राहतेच. कुठेतरी थोडा आयजीएफ असेल, तो अडला असेल. ही शंका मिटवायला दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, फार नेटका प्रयोग झाला. रेनाटो बासर्गा आणि पिंचास कोहेन यांच्या गटांनी अशा उंदरांच्या पेशी घेतल्या, ज्यांत आयजीएफ-१ चा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, जनुकापासूनच काढून टाकलेला होता. दारच नाही, तर पाहुणा अडवला काय आणि न अडवला काय, फरक पडायला नको. पण या पेशींमध्येही आयजीएफबीपी-३ ने वाढ रोखली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. पी५३ हे प्रथिन पेशीचा पहारेकरी मानलं जातं. डीएनए बिघडला की ते पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. हे पी५३ ज्या जनुकांना जागं करतं, त्यांत आयजीएफबीपी-३ चं जनुक निघालं. डीएनएच्या बिघाडाशी या वाहकाचं काय नातं? हा धागा लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडेच परत येणार आहोत.

साखळीत लिहिलेला पिनकोड

प्रथिनाने पेशीत कुठे जायचं हे त्याच्या स्वतःच्या साखळीत लिहिलेलं असतं. गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल याच कल्पनेसाठी मिळालं. पत्रावरच्या पिनकोडसारखं समजा. केंद्रकाचा पिनकोड १९८४ मध्ये एका विषाणूच्या प्रथिनात पहिल्यांदा नेमका वाचला गेला: लायसीन आणि आर्जिनीन या धनभारित अमिनो आम्लांचा छोटासा पुंजका.

१९९४ मध्ये राझवान रादुलेस्कू यांनी एका छोट्या टिपणात दाखवून दिलं की आयजीएफबीपी-३ च्या साखळीच्या शेवटच्या भागात असाच पुंजका आहे. प्रयोग नव्हता, फक्त साखळी नव्या नजरेने वाचली होती. ती साखळी छापून सहा वर्षं झाली होती.

पण इथे मोठी अडचण होती. आयजीएफबीपी-३ च्या साखळीच्या सुरुवातीला दुसरा पत्ता आहे: 'पेशीबाहेर पाठवा'. पेशी हे प्रथिन बनवते तेच बाहेर टाकण्यासाठी. मग बाहेर गेलेलं प्रथिन परत पेशीत येऊन थेट केंद्रकात जाईल, हे पचायला कठीण होतं.

१९९७ मध्ये दोन गटांनी प्रत्यक्ष पाहून सांगितलं. एका गटाने ओपोसम या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, दुसऱ्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत. दोन्हीकडे आयजीएफबीपी-३ केंद्रकात होतं. पुढच्याच वर्षी सिडनीच्या गटातून लिन शेडलिक आणि सहकाऱ्यांनी पिनकोडची परीक्षा घेतली. साखळीतली २२८ ते २३२ ही पाच अमिनो आम्लं बदलली. बदललेलं प्रथिन केंद्रकात जाईना. तीच खूण असलेलं आयजीएफबीपी-५ सुद्धा त्याच वाटेने आत जातं, हेही दिसलं. आणि एक गंमत म्हणजे आत जाताना आयजीएफबीपी-३ आयजीएफ-१ लाही सोबत नेऊ शकत होतं. हमालाने हमाली सोडली नव्हती, फक्त फलाट बदलला होता!

२००० मध्ये त्याच गटाने वाट आणखी बारकाईने तपासली. डिजिटोनिन नावाच्या पदार्थाने पेशीच्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडता येतात आणि केंद्रकाचं आवरण मात्र शाबूत राहतं. अशा पेशींत दिसलं की आत जायला ऊर्जा लागते आणि इंपोर्टिन-बीटा या वाहतूक प्रथिनाची मदत लागते. म्हणजे हे प्रथिन चुकून झिरपत नाही, त्याला रीतसर आत घेतलं जातं.

एक तिढा मात्र सांगायला हवा. पेशी बाहेरच्या गोष्टी गिळते तेव्हा त्या पटलाच्या पिशवीत बंद असतात. पिशवी पेशीच्या आत आली तरी तिच्यातला माल तांत्रिकदृष्ट्या 'बाहेरच' असतो. २००४ मध्ये कोहेन यांच्या गटाने आयजीएफबीपी-३ गिळलं जाण्याच्या दोन वाटा दाखवल्या. पण पिशवीतून निसटून पेशीद्रवात येणं हा टप्पा या सगळ्या गोष्टीतला नाजूक दुवा राहिला आहे.

आत गेल्यावर काय?

इथवर पहिला प्रश्न झाला: दिसतं का? हो, दिसतं. आता दुसरा: करतं काय?

२००० सालीच कोहेन यांच्या गटाने पहिलं ठोस उत्तर दिलं. केंद्रकात आरएक्सआर-अल्फा नावाचं एक ग्राही-प्रथिन असतं. अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व यांचे निरोप जनुकांपर्यंत पोचवणारे ग्राही असतात. त्यांतले बरेच एकटे काम करत नाहीत, त्यांना आरएक्सआरची जोडी लागते. आयजीएफबीपी-३ नेमकं या आरएक्सआरलाच चिकटतं असं दिसलं. त्यामुळे काही निरोप मोठे झाले, काही दबले. आणि महत्त्वाचं म्हणजे, ज्या पेशींत आरएक्सआर-अल्फा नव्हता त्यांत आयजीएफबीपी-३ पेशींना मारू शकलं नाही. २००५ मध्ये पुढची पायरी आली: आयजीएफबीपी-३ मुळे आरएक्सआर आणि त्याचा एक जोडीदार केंद्रक सोडून मायटोकाँड्रियाकडे जातात आणि तिथे पेशीच्या मरणाची प्रक्रिया सुरू होते.

चित्र फार सुबक होतं. बाहेरून आलेलं प्रथिन केंद्रकात जातं, जोडीदार गाठतं, कर्करोगाच्या पेशीला संपवतं. औषध म्हणून वापरता येईल अशी आशा वाटणं साहजिक होतं.

आणि मग २००६ आलं. अमेरिकेत मॅथ्यू रेख्लर यांच्या गटातून भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींत असं आयजीएफबीपी-३ बनवलं जे बाहेरही टाकलं जात नाही आणि केंद्रकात साठतही नाही. सुबक चित्र खरं असतं तर या पेशी मरायला नको होत्या. त्या मेल्या.

याचा अर्थ आधीचे प्रयोग खोटे होते असा नाही. अर्थ इतकाच, की पेशीला मारायला केंद्रकात साठणं अनिवार्य नाही. निदान या पेशींत तरी नाही. सुरुवातीला सांगितलेलं पथ्य इथे कामाला येतं. सचिवालयात एखादा माणूस रोज दिसतो, म्हणून फाईल त्यानेच हलवली असं होत नाही. त्यासाठी तो नसताना फाईल अडते का, हे पाहावं लागतं. जीवशास्त्रात हे 'नसताना पाहणं' सगळ्यात अवघड असतं.

मित्र की शत्रू?

आता तो राहिलेला धागा, डीएनएचा बिघाड.

२०१० मध्ये सहाव्या बंधक प्रथिनाबद्दल एक गोष्ट कळली. ते केंद्रकात केयू-८० या प्रथिनाला चिकटतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तुटलेलं टोक पकडणाऱ्यांपैकी केयू-८० हे एक आहे.

२०१४ मध्ये सिडनीच्या बॅक्स्टर यांच्या गटाने आयजीएफबीपी-३ ची बाजू मांडली. त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या, ज्या प्रकारावर हार्मोनविरोधी औषधं चालत नाहीत आणि केमोथेरपीवर मुख्य भिस्त ठेवावी लागते त्या प्रकारच्या. त्यांना इटोपोसाईडसारखी औषधं दिली. ही औषधं डीएनए तोडतात; तुटलेल्या डीएनएमुळे पेशी मरावी हाच उपचाराचा हेतू. औषध दिल्यावर आयजीएफबीपी-३ केंद्रकात गेलं. सोबत पेशीच्या पटलावर बसणारा एक ग्राही, ईजीएफआर, तोही आत गेला. आणि दोघं मिळून तुटलेला डीएनए सांधणाऱ्या मुख्य एन्झाइमला जाऊन मिळाले. आयजीएफबीपी-३ कमी केलं तेव्हा सांधण्याचं काम मंदावलं.

लक्षात येतंय का काय झालं ते? ज्या प्रथिनाला वीस वर्षं कर्करोगाच्या पेशी मारणारा मित्र म्हणून पाहिलं, तेच इथे केमोथेरपीने केलेलं नुकसान दुरुस्त करून गाठीला वाचवत होतं. स्तनाच्या गाठींमध्ये हे प्रथिन जास्त असेल तर रोग अधिक आक्रमक असतो, असं रुग्णांवरच्या काही अभ्यासांत आधी दिसलं होतं आणि ते कोड्यात टाकणारं होतं. आता त्याला एक संभाव्य कारण मिळालं.

याला विसंगती म्हणायचं का? आमच्या मते नाही. निरोगी पेशीच्या दृष्टीने पाहा. डीएनए तुटला की दोनच शहाणे मार्ग असतात: दुरुस्त करा, नाहीतर मरा. पी५३ हाक मारतं आणि आयजीएफबीपी-३ येतं. ते दोन्ही मार्गांवर उभं असू शकतं. कर्करोगाच्या पेशीत मरणाचा मार्ग बऱ्याचदा आधीच मोडलेला असतो. उरतो फक्त दुरुस्तीचा. प्रथिन तेच, पण भोवतालची मंडळी बदलली की कामाचा परिणाम उलटा. हे आमचं जुळवणं आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नाही. पण एक गोष्ट पक्की: 'हे प्रथिन वाढवा' किंवा 'हे प्रथिन रोखा' असा सरसकट उपचार करायला गेलो, तर काही रुग्णांचं भलं करताना काहींचं नुकसान होऊ शकतं. कुठल्या गाठीत, कुठल्या औषधासोबत, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलांची उंची कमी असली की डॉक्टर आयजीएफबीपी-३ ची रक्ततपासणी सांगतात. ती याच प्रथिनाची का?*

हो, याचीच. ग्रोथ हार्मोन दिवसभर कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे एका वेळच्या रक्तावरून अंदाज येत नाही. आयजीएफ-१ आणि आयजीएफबीपी-३ गाठोड्यात तासन्‌तास टिकतात, म्हणून ते जास्त स्थिर चित्र देतात. मात्र ही तपासणी रक्तातल्या प्रथिनाची असते. केंद्रकात काय चाललं आहे ते तिच्यावरून कळत नाही. त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा आणि आज ऐकलेलं कर्करोगाचं संशोधन यांचा परस्पर संबंध कृपया जोडू नका. आकड्याचा अर्थ मुलाच्या डॉक्टरांनाच विचारा.

*मग 'वाहक' हे नाव चुकीचंच होतं का?*

चुकीचं नव्हतं. रक्तात ते आजही वाहकच आहे. आयजीएफ-१ आणि आयजीएफबीपी-३ यांची जोडी औषध म्हणून २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, ती या वाहकगुणावरच. आयजीएफ-१ च्या तीव्र कमतरतेमुळे न वाढणाऱ्या मुलांसाठी. चूक झाली ती वेगळीच. पहिलं काम सापडलं, त्याचं नाव दिलं आणि दुसरं काम असू शकतं हे विसरलो. १९९४ चं ते टिपण लिहायला नवं यंत्र लागलं नव्हतं. छापलेली साखळी पुन्हा वाचावी लागली होती.

पुढच्या व्याख्यानात आपण केंद्रकाच्या दारापाशीच थांबणार आहोत. केंद्रकछिद्रं कशी सापडली आणि त्यांतून कोण आत जातं, हे कोण ठरवतं, ते पाहू. आजच्या गोष्टीत हमाल ज्या दारातून आत गेला, तेच हे दार.